मोहाखालचं खळं

एकोडीत इश्वरच्या उजव्या हाताला इज्जत होती. माणसाला फारशी नव्हती, हाताला होती. शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, बैल सोडण्यावरून वाद झाला, तेव्हा त्या हाताने साकोलीकडच्या एका पैलवानाचा जबडा एका फटक्यात सरकवला होता. "नाव इश्वर अन् काम राक्षसाचं," असं लोक म्हणत, पण तो तीन घरं पुढे गेल्यावर म्हणत. याच हाताने सहा वर्षांपूर्वी त्याने आपल्या बायकोचं, रुखमाचं डावं मनगट मोडलं. तिने त्याची दारूची बाटली मोरीत ओतली होती. मनगट जुळलं, पण वाकडं जुळलं.

हा हात थांबवला विमलाबाईने. मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेली ही नर्स, इश्वरच्या कोपराएवढी उंच. गावातलं ख्रिस्ती घर तेवढं एकच. रविवारी तिच्या घरापुढच्या सपरीत दहा-बारा माणसं प्रार्थनेला जमत. रुखमा आधी मनगट चोळून घ्यायला जायची, मग रविवारी बसू लागली. तीन वर्षांपूर्वी एका रविवारी इश्वर तिला केसाला धरून घरी न्यायला तिथे गेला. विमलाबाई दारात आडवी उभी राहिली.

"माराचं असंल तर पहिले मले मार," ती म्हणाली. "पण चहा पिऊन मार. ठेवला आहे, उतू जाईल."

आयुष्यात इश्वरला कोणी असं आमंत्रण दिलं नव्हतं. तो गोंधळला, बसला, चहा प्याला. पुढच्या रविवारी पुन्हा गेला. वर्षभरात दारू सुटली. रुखमा रात्री अंग चोरून झोपायची, तीही सवय हळूहळू गेली.

विमलाबाईची एक रीत होती. महिन्याच्या पहिल्या रविवारी, येशूच्या शेवटच्या जेवणाची आठवण म्हणून, ती डोक्यावर पदर घ्यायची आणि भाकरीच्या तुकड्याऐवजी भाताचा एकेक घास प्रत्येकाच्या तळहातावर ठेवायची. भंडाऱ्याकडून चर्चचे मोठे पाळक आले की त्यांना हे पटत नसे. "धान पिकवणारी माणसं आहेत, साहेब," ती म्हणायची, "तो यांच्या घरी आला असता तर भातच जेवला असता ना?" मग ती क्रुसावर खिळलेल्या येशूची गोष्ट सांगायची, आणि शेवटी हमखास म्हणायची, "आपला मार त्यानं खाल्ला."

इथेच इश्वरचं घोडं अडायचं. प्रार्थना त्याला आवडत होती, गाणी पाठ होती. पण माराचं शास्त्र त्याला कोणी शिकवायची गरज नव्हती. मार ज्याचा असतो त्याच्याच पाठीवर पडतो. दुसऱ्याचा मार कोणी कसा खाईल? त्याने एकदा तोंडावर विचारलंही. विमलाबाई म्हणाली, "समजंल. धान का एका दिवसात पिकते?" त्याने नाद सोडला. एवढं एक सोडून बाकी सगळं तो मानायचा.

यंदा ऑक्टोबरच्या सुरुवातीला धान दुधात आलं होतं आणि तलावाच्या पाण्याची पाळी इश्वरची होती. शेजारच्या वावराच्या धनंजयने मधला धुरा, दोन वावरांमधला बांध, फोडला आणि पाणी आपल्या धानाच्या बांधीत घेतलं. इश्वर साकोलीला गेला होता. रुखमा फावडं घेऊन धुरा बुजवायला गेली. धनंजयने तिच्या हातचं फावडं हिसकलं, तिला ढकललं, आणि ती पडली ती नेमकी त्याच वाकड्या मनगटावर.

संध्याकाळी इश्वरने प्लास्टर पाहिलं आणि कुऱ्हाड काढली. रुखमा उंबरठ्यावर बसून राहिली. तिला बाजूला केल्याशिवाय बाहेर पडता येत नव्हतं, आणि बाजूला करायचं तर तिला हात लावावा लागला असता. तो तासभर कुऱ्हाड घेऊन उभा होता. शेवटी त्याने ती आढ्यावर फेकली आणि शपथ घेतली, की धनंजयचं तोंड पाहणार नाही आणि त्याच्या वावराकडे नजरसुद्धा टाकणार नाही. झाडीपट्टीतली भांडणं अशीच असतात. माणसं बोलणं सोडतात तशी वाटही सोडतात. महिनाभर इश्वर तलावाला वळसा घालून आपल्या वावरात गेला, मान खाली घालून कापणी केली, कापलेल्या भाऱ्यांचं आपलं पुंजणं घराजवळच रचलं. पलीकडे काय कापलं, काय रचलं, कोणाचं काय, त्याला काही ठाऊक नव्हतं.

विमलाबाईने सगळ्यांसमोर त्याचं कौतुक केलं. इश्वरने मान हलवली. राग गेला नव्हता, नुसता राखेखाली दाबला होता, आणि हे त्याला पक्कं माहीत होतं.

मग गावची मंडई आली. दिवाळीनंतरची ही जत्रा म्हणजे घराघरांत पाहुणे, शाळेच्या पटांगणात दुकानं, दुपारी ढोलावर नाचत खेळायची दंडार, रात्री नाटक. सकाळी रुखमा नवं लुगडं नेसून बांगड्या भरायला बसली. प्लास्टर निघालं होतं, पण दोनदा मोडलेलं मनगट सुजून जाड झालं होतं. बांगडी चढेना. तिने दोनदा साबण लावून पाहिला, मग मुकाट्याने उजव्या हातात भरल्या आणि डावा हात पदराखाली घेतला. सणाच्या दिवशी, नवरा जिवंत असताना, बायकोचा एक हात उघडा. इश्वरने ते पाहिलं.

मंडईत त्याने तिला जिलेबी घेऊन दिली. पुडी उघडते न उघडते तोच टिकारामचा हात पुढे आला. टिकाराम म्हणजे गावचा पिदाडा. बायको माहेरी गेलेली, घराची भिंत पडलेली, पण स्वभाव गरीब. कोणी काही खात असलं की हा हात पुढे करायचा, "मलेई दे." लोक हसायचे आणि द्यायचे. इश्वरने त्याला एक जिलेबी दिली. टिकाराम ती चाटत नाल्यापलीकडे मोहाची दारू मिळते तिकडे डुलत निघून गेला. दंडारीचा ढोल सुरू झाला. अख्खं गाव गोल करून बसलं. धनंजयही पुढच्या रांगेत, पाहुण्यांच्या पाठीवर थापा मारत हसत होता. महिनाभर न पाहिलेलं तोंड इश्वरला दिसलं, तेही हसताना.

"पाणी पिऊन येतो," तो रुखमाला म्हणाला.

घरी जाऊन त्याने चुलीजवळची माचिस घेतली. गावात कुत्रं नव्हतं. धनंजयचं खळं नाल्याच्या अलीकडे, मोठ्या मोहाच्या झाडाखाली. त्याच्या बापापासून त्यांचं पुंजणं तिथेच रचलं जायचं. आजही होतं. लहान दिसलं खरं. इश्वरच्या मनात आलं, निम्मं धान चुरून, मळून झालं असेल. रागाला मापं घेत बसायची सवय नसते.

वारा बघून त्याने तिसरी काडी लावली. आग आधी खालच्या वाळलेल्या तणसात सळसळली आणि मग एकदम वर चढली. तिने त्याच्या उजव्या हातावरचे केस जाळले, तरी तो मागे सरला नाही. धानाच्या लोंब्या तडतडू लागल्या, दाण्यांच्या लाह्या फुटून आगीतून बाहेर उडू लागल्या. खोटं कशाला बोला, त्याला आनंद झाला. महिन्याभरात एवढं बरं वाटलं नव्हतं. तलावाला वळसा घालून तो पुन्हा मंडईत येऊन रुखमाजवळ बसला, आणि ढोलाच्या ठेक्यावर त्याचा पाय हलत होता.

थोड्या वेळाने कोणीतरी ओरडलं, "आग! मोहाखाली आग!"

गाव उठून धावलं. इश्वरही धावला, न धावून कसं चालेल. पोहोचले तोवर पुंजण्याचा काळा ढीग झाला होता. गर्दी फाडून एक म्हातारी पुढे आली. डोक्यावरचा पदर गेलेला, पायात काही नाही. तिने थेट गरम राखेत दोन्ही हात घातले. ती पार्वताबाई होती. नवरा नाही, मूल नाही, जमीन तर नाहीच. कापणीची मजुरी भाऱ्यांत घेऊन आणि कापलेल्या वावरांतून पडलेल्या लोंब्या, सरवा, वेचून ती वर्ष काढायची.

"बुडीले धरा रे!" धनंजय ओरडला आणि त्यानेच तिला मागे ओढलं. "माहं धान तं दिवाळीच्या पहिलेच मशीनीतून निंगालं होतं. खळं खाली होतं, म्हून मी म्हटलं, बाई, तुहं ठेव इथं. दोन पोत्याचं धान होतं. सालभराचा घास होता तिचा!"

इश्वर एक पाऊल पुढे सरकला. त्याला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. त्याने ढिगाकडे पाहिलं. तो लहान होता. तो आधीच लहान होता.

"हा पाहा! हा इथं आहे!"

झाडामागून दोघांनी टिकारामला ओढून आणलं. कोपरापर्यंत काळा, तळहातांची कातडी सोललेली, तोंडाला दारूचा भपका. काखेत त्याने एक अर्धा जळलेला भारा घट्ट धरला होता. खिशातून माचिस निघाली, बिडीही निघाली. आणखी काय पुरावा पाहिजे?

"मी... इझवून राहिलो होतो," टिकाराम म्हणाला. "एक भारा निंगाला. एकच निंगाला."

पिदाड्याचं कोण ऐकतं. पहिली चपराक कोणाची होती ते कळलं नाही. मग बैलांचा कासरा आला आणि त्याला मोहाच्या बुंध्याला बांधलं. एकाने लाथ घातली, तो गुडघ्यातून वाकला, पण कासऱ्याने त्याला खाली पडू दिलं नाही. दुसऱ्याने बैल हाकायच्या तुतारीच्या दांड्याने पोटऱ्या फोडल्या. ओठ फाटला. दोन दात हनुवटीवर आले आणि रक्तासोबत खाली घसरले. पाहुणेही मारत होते, ज्यांना ना टिकाराम माहीत होता ना पार्वताबाई. मंडईला आलोय तर हात धुऊन घ्यावा, असं चाललं होतं. विमलाबाई मध्ये घुसली. "पोलिसात द्या त्याले! मारू नोका, मरन तो!" तिला कोणीतरी खांद्याला धरून बाजूला लोटलं. विमलाबाई नाल्याकडेच्या चिखलात बसली.

इश्वर पाहत होता. तोंड उघडायचं होतं. तो दोन पावलं मागे सरला.

"इश्वर!" धनंजयचा आवाज. महिनाभरानंतर पहिल्यांदा धनंजय त्याच्याशी बोलत होता. त्याच्या हातात बैलबंडीच्या कडेची लाकडी उभारी होती, मनगटाएवढी जाड. ती त्याने इश्वरपुढे धरली. "आपलं भांडण आज बाजूले ठेव. गरिबाचा घास जाळला यानं. तुह्या हाताची दे याले एक."

"द्या इश्वरभाऊ! तुमचा हात भारी आहे!" मागून चार आवाज आले.

सगळे त्याच्याकडे पाहत होते. रुखमाही पाहत होती. नाही म्हटलं तर का म्हणून विचारतील. इश्वरने उभारी घेतली. आणि मग त्या हाताने त्याला विचारलं नाही. तो सवयीने वर गेला आणि सवयीनेच खाली आला. टिकारामच्या बरगडीचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

टिकारामने मान वर केली. एक डोळा मिटला होता. दुसऱ्याने त्याने इश्वरला ओळखलं.

"भाऊ," तो म्हणाला, "जराक हळू."

शिवी दिली असती तर सोसली असती. हा माणूस त्याला नुसतं हळू मार म्हणत होता. हा मार इश्वरचा होता. नाव, गाव, पत्ता, सगळं इश्वरचं. आणि तो टिकाराम खात होता, फुकट, एका जिलेबीवर. आणि देणारा हातही इश्वरचाच. तीन वर्षं ज्या एका वाक्यापाशी तो अडला होता ते समोर झाडाला बांधलेलं होतं आणि त्याच्या हनुवटीवरून रक्त गळत होतं.

इश्वरने उभारी टाकली आणि तो कासऱ्याची गाठ सोडायला लागला.

"काहून सोडून राहिला बे?" गर्दीतून आवाज आला.

"सोडा त्याले. आग मी लावली."

कोणीतरी हसलं. "प्रार्थना करून करून येडा झाला हा."

"तुमच्या रविवारचं नाटक इथं नोको करू, इश्वर," धनंजय चिडून म्हणाला. "दुसऱ्याचं पाप अंगावर घेऊन देव नाही होत कोणी."

"दुसऱ्याचं नाही रे बाबा!" इश्वर ओरडला. त्याचा आवाज फाटला. "माहं आहे! माहं पाप, हा खाऊन राहिला!" त्याने खिशातून माचिस काढून खाली फेकली. उजवी बाही वर केली. कोपरापर्यंत एक केस नव्हता, कातडी लाल झाली होती. "दंडार सुरू झाली तवा आलो. तिसऱ्या काडीनं पेटलं. मले वाटलं, तुहं पुंजणं होय. तुहं जाळाले आलो होतो मी. रुखमीचा हात मोडला तू, म्हून."

आता मात्र सगळ्यांना पटलं. राग कोणालाही पटतो.

रुखमा पुढे आली. लोकांना वाटलं, नवऱ्यासाठी पदर पसरेल. तिने डावा हात पदराबाहेर काढला, सुजलेला, बिनबांगडीचा.

"माह्या हाताचं नाव नोका घेऊ," ती म्हणाली. आवाज वर गेला नाही. "तुमी मोडला होता तवा मी कोणाचं पुंजणं जाळलं?"

आणि ती बाजूला झाली. या एका वाक्यासारखा मार इश्वरला त्या दिवशी कोणीच दिला नाही, आणि मार तर पुढे बराच बसला.

टिकारामला सोडलं होतं, तो मुळाशी बसला होता. त्याच कासऱ्याने इश्वरला कमरेभोवती बांधलं. बांधायची गरज नव्हती, पण रीत म्हणून बांधलं. धनंजयने तीच उभारी उचलली. पहिला फटका मांडीवर, दुसरा खांद्यावर, तिसऱ्याला इश्वरने उजवा हात पुढे केला. का केला, ते त्याला पुढेही नीट सांगता आलं नाही. मनगटाचं हाड काड्कन मोडलं. मग लाथा, चपला, दांडे. ज्यांचे जबडे, ज्यांच्या बरगड्या, ज्यांची इज्जत त्याने वीस वर्षांत मोडली होती ते सगळे हिशोब करून गेले. नाकातून, कानातून रक्त आलं. त्याने मान खाली घातली नाही आणि एकही शिवी दिली नाही. एवढंच म्हणत राहिला, "माह्या घराजवळचं पुंजणं पार्वताबाईचं. उद्या नाही, आजच आणा. घराजवळचं पुंजणं बाईचं." बोलता बोलता त्याचे शब्द लाळेत आणि रक्तात बुडू लागले. धनंजयने पुन्हा उभारी उचलली, ती मात्र डोक्याच्या रोखाने.

"थांब."

पार्वताबाई होती. टिकारामच्या काखेतला तो एकमेव भारा तिच्या हातात होता. धनंजय थांबला. पहिला हक्क तिचा होता, हे सगळ्यांना मान्य होतं. गर्दी मागे सरली.

म्हातारी इश्वरपुढे येऊन उभी राहिली. तिने भाऱ्यातून एक काळी लोंबी ओढली, दोन्ही तळव्यांत चोळली, आणि एवढ्या रागातही जन्माच्या सवयीने फुंकर मारून कोंडा उडवला. मग डाव्या हाताने त्याचा जबडा धरला, बोटं गालांत रुतवून तोंड उघडलं आणि मूठ आत कोंबली.

"खा, इश्वऱ्या. माहं सालभराचं तू खाल्लं, तं हेई खा. चाव. चावून खा!"

इश्वर चावू लागला. आधी कोळसा लागला, मग टरफल, मग स्वतःचं रक्त. दात हलत होते. सगळ्यांत शेवटी, आत कुठेतरी, भाजलेल्या तांदळाचा गोडसर कण जिभेला लागला. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं, आणि ते दुखण्याचं नव्हतं.

"गिळ."

त्याने गिळलं.

पार्वताबाईने तळहात पाहिला. चार-पाच दाणे चिकटून राहिले होते. सरवा वेचणाऱ्या बाईला दाणा टाकवत नाही. तिने ते आपल्या तोंडात टाकले आणि बोळक्याने चघळत उभी राहिली. तिचा श्वास अजून रागाने वरखाली होत होता. ती चघळेपर्यंत कोणी हललं नाही. धनंजयच्या हातातली उभारी हळूहळू खाली आली.

मुळाशी बसलेल्या टिकारामचा सोललेला हात वर आला.

"मलेई दे," तो फुटक्या ओठांनी म्हणाला.

या खेपेला कोणी हसलं नाही. पार्वताबाईने दुसरी लोंबी ओढली, चोळली, फुंकली, आणि त्या जळलेल्या तळहातावर दाणे अलगद ठेवले. इश्वरला एकाच डोळ्याने दिसत होतं. त्याने पाहिलं, गर्दीच्या मागे चिखलाने भरलेली विमलाबाई उभी होती, आणि तिने पहिल्या रविवारी घ्यायची तसा डोक्यावर पदर घेतला होता.